मालक आहे, फाटक उघडं आहे आणि कुत्रा रस्त्यावर आहे. काय करावं?

शेवंती

आमच्यापासून तिसऱ्या घरात एक छोटासा कुत्रा आहे. शिह त्झू असावा. रंग पांढरा असावा हेही अंदाजानंच म्हणते, कारण गेले चार महिने मी त्याला करड्या, चिकट गोळ्यासारखाच बघते आहे. सकाळी त्या घराचं फाटक उघडतं ते दिवसभर तसंच राहतं. हा बाहेर पडतो. संध्याकाळी कुणी हाक मारली तर आत जातो, नाही मारली तर पायरीवर मुटकुळं करून झोपतो.

कानांमागे, काखेत आणि पोटाखाली जटा झाल्यात. मागचे पाय आखडून टाकतो. डावा डोळा बहुतेक वेळ मिटलेला, त्याखाली काळपट पाणी वाळलेलं. परवा एकजण गाडी मागे घेत होते, त्यांना तो दिसलाच नाही. मी किंचाळले म्हणून वाचला. एवढंसं जनावर, आरशात दिसणार तरी कसं?

मालकांशी एकदा बोलले. "त्याला मोकळंच आवडतं, बांधलं की ओरडतो," म्हणाले, आणि विषय तिथंच संपला. माणूस वाईट वाटला नाही, पण पुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही.

माझ्या दोन मैत्रिणी म्हणतात, सरळ उचल आणि लांबच्या चांगल्या घरी दे. तिसरी म्हणते, ही चोरी झाली. मला दोन्ही पटतं आणि रात्री डोळा लागत नाही. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करायची? आणि तो हाती लागत नाही, जवळ गेलं की पळतो. धरायचा कसा?

काजवा

उचला. ज्याला चार महिन्यांत कुत्र्याचा डोळा दिसला नाही, त्याला कुत्रा गेलेलाही दिसणार नाही.

रानजाई

काजवा यांना +१. विचार करत बसाल तोवर गाडीखाली जाईल.

घाटवळण

काजवा, तुमचा राग कळतो. तीन वर्षांपूर्वी मी अगदी हाच विचार केला होता आणि तसाच वागलोही होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या भागात एक म्हातारा पॉमेरेनियन पंधरा दिवस भटकत होता. केस विरळ, अंगावर गोचीड, सारखा खोकायचा. गळ्यात पट्टा होता, पण त्यावर नाव नाही, काही नाही. दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी उचलला आणि ओळखीतल्या एका घरी दिला. माणसं प्रेमळ होती. मला फार बरं वाटलं होतं.

नवव्या दिवशी कळलं की तो एका आजींचा. त्या पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं म्हणून दवाखान्यात होत्या. ज्यांच्यावर कुत्र्याची जबाबदारी टाकली होती त्यांनी दार उघडं टाकलं. आणि त्याला हृदयाच्या झडपेचा आजार होता, दिवसातून दोनदा गोळ्या चालू होत्या. तो खोकला म्हणजे घशात काहीतरी अडकलं असेल असं मी समजत होतो. छोट्या जातींत म्हातारपणी झडपेचा आजार बराच आढळतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गोळ्या बंद राहिल्यामुळे फुप्फुसात पाणी झालं होतं.

तो परत गेला, आजी घरी आल्या, आणि त्यांच्या मांडीवर तो आणखी चार महिने जगला. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "बाळा, तू त्याला गाडीखाली जाऊ दिलं नाहीस." मला मान वर करता येईना.

शेवंतीताई, तुम्हाला मालक माहीत आहेत, तेव्हा तुमची गोष्ट वेगळी. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगतो: उचलण्याआधी आजूबाजूच्या चार घरी विचारा. फोटो काढून विचारा. आणि जवळच्या पशुवैद्याकडे नेऊन चिप आहे का ते बघून घ्या, त्याला दोन मिनिटं लागतात.

रानजाई

घाटवळण, वाचून गलबलून आलं. माझा +१ मागे घेते.

निळा_रुमाल

मी पशुवैद्य आहे. उचलावा की नाही यावर नंतर बोलेन, आधी डोळा.

शेवंती, शिह त्झू, पग, पेकिनीज या चपट्या नाकाच्या जातींचे डोळे खोबणीतून पुढे आलेले असतात. पापण्या पूर्ण मिटत नाहीत, बुबुळ सुकतं, त्यात केस टोचतात. त्यातून बुबुळावर जखम झाली तर ती काही वेळा एकदोन दिवसांतच खोल जाते आणि डोळा फुटू शकतो. कुत्रा डोळा मिटून ठेवतो तेव्हा तो दुखत असतो. त्यामुळे बाकी सगळं थांबलं तरी चालेल, डोळा थांबू शकत नाही. घरात उरलेले कसलेही थेंब घालू नका. त्यात स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा गेलाच म्हणून समजा.

आता जटा. लोकांना त्या अस्वच्छ दिसतात, पण खरा त्रास डोळ्यांना न दिसणारा आहे. जट जसजशी घट्ट होते तसतशी कातडी ओढत जाते. तुमच्या डोक्यावरची एक बट कुणीतरी मुठीत पिळून धरली आहे आणि महिनोन्महिने सोडलेली नाही, असं समजा. काखेतल्या आणि मांडीतल्या जटा एकमेकींत अडकल्या की पाय पूर्ण उघडत नाही. "आखडून चालतो" असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हेच असू शकतं, किंवा गुडघ्याची वाटी सरकत असेल. छोट्या जातींत तेही नेहमीचं. जटेखाली हवा लागत नाही, कातडी ओली राहते, तिथं पू होतो, आणि माशी बसली तर किडे पडतात. बाहेरून फक्त घाण वास येतो.

दोन गोष्टी चुकूनही करू नका. आधी आंघोळ घालू नका, पाण्यानं जट आणखी आवळते. आणि कात्री लावू नका. जटेबरोबर कातडीची घडी वर ओढली जाते आणि ती सरळ कात्रीत सापडते. असं कापलेलं कुत्रं वर्षातून तीनचार वेळा तरी माझ्याकडे येतं, आणणारी माणसं रडत असतात. मशीननं, कातडीला लागून, गरज पडली तर गुंगी देऊनच जटा काढायच्या.

गोचिडांबद्दल एकच आकडा सांगतो. कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण ८० ते ९० मिली रक्त असतं. चार किलोच्या कुत्र्याचं सगळं रक्त म्हणजे जेमतेम साडेतीनशे मिली. मोठ्या कुत्र्याला जेवढ्या गोचिडी नुसत्या त्रास देतील, तेवढ्याच ह्याचं रक्त इतकं कमी करतात की हिरड्या पांढऱ्या पडतात. त्यातून गोचीडताप झाला तर अजूनच. ओठ वर करून हिरड्या बघता आल्या तर बघा. गुलाबी असायला हव्यात.

ओलीमाती

डॉक्टर, चिपबद्दल थोडं सांगाल का? आमच्या घरी सगळ्यांना वाटतं की चिप असली की कुत्रा कुठं आहे ते मोबाइलवर दिसतं.

निळा_रुमाल

नाही दिसत. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवतात. तिच्यात बॅटरी नसते. वाचनयंत्र जवळ नेलं की बहुधा १५ आकडी क्रमांक दिसतो, बस्स. तो क्रमांक कुणाच्या नावावर आहे हे नोंदणीत बघावं लागतं, आणि नोंदणीतला फोन जुना असेल तर चिप असून नसल्यासारखीच. कधी ती सरकून मानेत किंवा खांद्याच्या बाजूला जाते, म्हणून यंत्र सगळीकडे फिरवायला सांगा.

पाऊलवाट

धरायचं कसं, यावर मी लिहिते. गेली सात वर्षं हरवलेली आणि टाकलेली छोटी कुत्री धरायला मदत करते आहे.

पहिलं म्हणजे पाठलाग नाही. तुम्ही धावलात की तो धावणार, आणि छोटं कुत्रं घाबरून धावतं तेव्हा रस्ता बघत नाही. जी कुत्री मी गमावली, ती माणसांनी पाठलाग केल्यामुळे गेली.

रोज एकाच वेळी, एकाच जागी जा. उभं राहू नका, जमिनीवर बसा, त्याच्याकडे कूस करून. डोळ्यांत डोळे घालू नका. हात पुढे करू नका. खाऊ आधी लांब टाका, मग रोज एक वीत जवळ. तिसऱ्याचौथ्या दिवशी तो तुमच्या मांडीजवळ येऊन वास घेईल. तेव्हाही धरू नका! हे सर्वात कठीण असतं. तो स्वतःहून अंग घासेपर्यंत थांबा. डोक्यावर वरून हात नेऊ नका, छातीखालून किंवा बाजूनं खाजवा. एवढ्याशा जिवाला वरून येणारा हात म्हणजे घार.

पट्टा गळ्यात घालून ओढू नका. छोट्या जातींची श्वासनळी नाजूक असते, काहींची चपटी होत जाते, ओढलं की हंस ओरडावा तसा खोकतात. छातीवर बसणारा हार्नेस घ्या. जाड टॉवेल जवळ ठेवा. शक्य असेल तर प्रवासाची पेटी आठवडाभर उघडी ठेवून आत खाऊ टाका, बरीच आपणहून आत जाऊन बसतात.

चावलाच तर लाजून लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. "किती छोटा आहे, नुसता दात लागला" असं म्हणून लोक सोडून देतात. रेबीजची लक्षणं माणसात एकदा दिसू लागली की हातात जवळजवळ काही राहत नाही, आणि माणसांना होणारा ९९ टक्क्यांपर्यंतचा रेबीज कुत्र्यांकडूनच येतो. लस मात्र वेळेवर घेतली तर वाचवते. कुत्र्यांच्या मदतीला जाणाऱ्यांनी आधीच लस घेऊन ठेवावी असं मी प्रत्येकाला सांगते.

काजवा

पाऊलवाट, फार उपयोगी. पण डोळ्याला आठवडाभर वेळ नाही असं डॉक्टर म्हणतात.

पाऊलवाट

बरोबर. म्हणून इथं मालकच हवेत. त्यांच्या हाकेला तो येतो ना? मग आठवडाभराचं काम एका हाकेचं आहे.

जुनाझरा

जरा वेगळं मत मांडतो. वर "बेफिकीर मालक" असा एकच माणूस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मी अशा पंधरावीस घरांत गेलोय. दुष्ट माणूस एखादाच भेटला. बाकीच्यांची कहाणी साधारण एकाच वाटेनं जाते.

पिल्लू येतं तेव्हा हातात मावतं. छोटं आहे म्हणजे फिरवायला नको, शिकवायला नको, खोलीतल्या खोलीत खेळेल, असं वाटतं. मग ते घरात जागोजागी लघवी करतं. मोठ्या कुत्र्यानं केलं असतं तर शिकवलं असतं. छोट्याचं आधी पुसून टाकतात, मग वैतागतात, मग दार उघडतात. दार उघडलं की प्रश्न सुटतो. भुंकणं, लघवी, सगळं बाहेर. नर असेल आणि नसबंदी केलेली नसेल तर कुठं मादी माजावर आलेली आहे हे त्याला लांबून कळतं, मग तो घरी थांबतच नाही, आणि मालक म्हणतो, "त्याला मोकळंच आवडतं." शेवंतीताईंना सांगितलेलं हेच वाक्य मी निदान दहा घरांत ऐकलंय.

मधल्या काळात केस वाढतात. पहिली गाठ होते तेव्हा विंचरलं की तो गुरगुरतो. महिन्यानं दहा गाठी. आता त्याला कुणाकडे न्यायचं तर लाज वाटते, "एवढं होईपर्यंत काय करत होता?" असं कुणी विचारेल म्हणून. लाज वाटते म्हणून नेत नाहीत, नेत नाहीत म्हणून वाढतं. अशा माणसासमोर तुम्ही बोट नाचवत गेलात की दार बंद. "डोळा दुखत असेल त्याचा, मी डॉक्टरांकडे चाललेच आहे, नेऊ का याला?" असं म्हणून गेलात तर दहातले सातआठ "न्या" म्हणतात. पुढचं सगळं त्या "न्या"वर उभं राहतं.

तांबडफुटी

जुनाझरा, मनापासून लिहिलंय तुम्ही, पण मी इतकी समजूतदार होऊ शकत नाही. आमच्या ओळखीत एक छोटी मादी होती, डॅशहाउंड. तिलाही असंच मोकळं सोडायचे. दर खेपेला माजावर आली की बाहेर, साधारण ६३ दिवसांनी पिल्लं, पिल्लं वाटून टाकायची, पुन्हा बाहेर. चौथ्या वेळी बाप मोठा कुत्रा होता. पिल्लू अडकलं. रात्रभर कळा देत होती आणि घरचे सकाळची वाट बघत होते. ती गेली. त्यांना मी तीनदा समजावलं होतं, गोड बोलून, जेवायला बोलावून. लाज वगैरे काही नव्हती हो. त्यांना ती फक्त दिसतच नव्हती.

म्हणून विचारते, किती वेळा समजवायचं? त्या मोजणीची किंमत कुत्रं भरतं.

जुनाझरा

तांबडफुटी, याचं उत्तर द्यायला मला वेळ लागला. तुमच्या त्या मादीसारखं असेल तर एकदाच. जीव धोक्यात असेल तर पुन्हा समजवायचं नाही, तुमच्या भागात प्राण्यांच्या छळाची तक्रार जिथं घेतात तिथं लेखी द्यायची. मी तशा दोन तक्रारी केल्यात. एकात यश आलं, दुसऱ्यात उशीर झाला.

अबोलघंटा

मला इथं थोडं खटकतंय. रस्त्यावर इतकी कुत्री आहेत, त्यांच्यासाठी धागा निघत नाही. जातिवंत, गोंडस, छोटं असलं की सगळे धावून येतात. जीव सगळ्यांचा सारखाच ना?

पाऊलवाट

जीव सारखाच, अगदी मान्य. पण मोकळ्यावर तगण्याची ताकद सारखी नाही. शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस माणसाच्या केसांसारखे वाढत राहतात, फारसे झडत नाहीत. कुणी कापले नाहीत तर ते तसेच वाढून गुंततात. चपट्या नाकाचं कुत्रं धापा टाकून अंग नीट गार करू शकत नाही. भर उन्हात गावठी कुत्रं सावलीला जीभ काढून बसतं आणि निभावतं, पग तिथं कोसळतो. ही शरीरं माणसांनी पिढ्यानपिढ्या निवड करून अशी घडवली. घडवून बाहेर सोडून द्यायची, हे मला बघवत नाही.

निळा_रुमाल

पुस्ती जोडतो. छोट्या कुत्र्याला मोठ्या कुत्र्यानं धरलं की ते मानेला किंवा पाठीला धरून झटकतं. वरून दोन दातांच्या बारीक खुणा दिसतात, घरचे म्हणतात "फार नाही लागलं". आत स्नायू फाटलेले, फासळ्या मोडलेल्या, कधी पोटातली इंद्रियं सुद्धा. अशी खूण दिसली की कुत्रा चालत असला, शेपूट हलवत असला तरी त्याच तासाला आणा. आणि कुठल्याही कुत्र्याला माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनची माणसाची एक गोळीही एवढ्याशा कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड बिघडवू शकते.

अबोलघंटा

पटलं. केसांचं माहीत नव्हतं.

ओलीमाती

थोडं अवांतर. आमच्या गल्लीतही असाच एक चिवावा होता. त्याला धरलं तेव्हा कळलं की त्याला पाच नावं होती. पहिल्या घरी राजा, दुसऱ्या घरी मोती, एका काकूंकडे चक्क "साहेब". पाचही नावांना तो मान वळवायचा, कारण पाचही घरी खायला मिळायचं! सकाळी साहेबांची फेरी निघायची ती दुपारीच संपायची. पोट जमिनीला टेकलेलं.

आम्ही खूप हसलो, पण नंतर एका काकूंनी जे म्हटलं ते डोक्यातून जात नाही. "मला वाटायचं, तुम्ही बघताय त्याचं." प्रत्येकीला हेच वाटायचं. त्याचे सगळे दात किडले होते, तोंडातून रक्त यायचं, आणि पाच घरं त्याला दिवसभर जेवू घालत होती.

रानजाई

साहेब! आता काय करतात साहेब?

ओलीमाती

सोळा दात काढले. काकूंकडेच असतो, हक्कानं. मऊ खातो आणि दारावर कुणी आलं की पूर्वीसारखाच गरजतो.

घाटवळण

कागदपत्रांचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. बहुतेक ठिकाणी कायद्याच्या नजरेत पाळीव कुत्रा ही मालकाची वस्तू असते. ऐकायला वाईट वाटतं, पण त्यामुळेच "मी वाचवला" हे न्यायाच्या दारात पुरत नाही. सापडलेल्या कुत्र्यासाठी अनेक ठिकाणी कळवण्याचा आणि ठरावीक दिवस थांबण्याचा नियम असतो. तो आपल्या भागात काय आहे ते आधी विचारा.

मालक स्वतःहून देत असेल तर दोन ओळी लिहून घ्या: अमुक वर्णनाचा कुत्रा मी स्वेच्छेनं अमुक यांना कायमचा देत आहे, तारीख, सही. चिप असेल तर नोंदणी नव्या नावावर. लसीची वही मागा. फोटो रोजचे ठेवा, तारखेसह. तोंडी दिलेला कुत्रा दोन महिन्यांनी, केस वाढून छान दिसायला लागला की परत मागितल्याचं मी दोनदा पाहिलंय.

तांबडफुटी

दोनदाच? मी चारदा.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. निळा_रुमाल यांचा प्रतिसाद वाचला आणि उद्यावर न टाकता आजच त्यांच्या दारात गेले. जुनाझरा दादा, तुमचंच वाक्य म्हटलं, शब्दशः. ते दोन क्षण गप्प राहिले, मग चप्पल घालून म्हणाले, "मीही येतो." त्यांनी हाक मारली, तो आला. नाव चिकू आहे. आत्ता आम्ही दवाखान्यात बाहेर बसलोय. नंतर लिहिते.

काजवा

वाट बघतोय.

रानजाई

मीपण. चिकू, लवकर बरा हो रे.

पाऊलवाट

शेवंती, त्याला आणायचं ठरलं तर घरी आणल्यावरच्या काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवते, घाईत राहून जातात.

घरात दुसरं कुत्रं असेल तर दोन आठवडे वेगळी खोली. पार्वो, डिस्टेंपर (हे दोन्ही कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार), खरूज, काहीही बरोबर आलेलं असू शकतं आणि पहिल्या दिवशी दिसत नाही. खरजेचा एक प्रकार माणसालाही खाज आणतो.

उपाशी असेल तर ताट भरून वाढू नका. थोडं थोडं, दिवसातून चारपाच वेळा. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर दिलं तर रक्तातले क्षार कोसळतात. उलट, अगदी छोट्या जातींना आणि पिल्लांना खूप वेळ काहीच दिलं नाही तरी साखर उतरते, लटपटतात. म्हणून थोडं आणि वारंवार.

पहिले तीन दिवस तो पलंगाखाली राहील. राहू दे. पाहुणे नकोत, फोटो नकोत, मांडीवर घ्यायचा हट्ट नको. आम्ही लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशोब धरतो: तीन दिवसांत भीती थोडी सैल होते, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत तो खरा कसा आहे ते दिसतं. प्रत्येकाचं तंतोतंत असंच होत नाही, पण पहिल्या आठवड्यात "हा काही माणसाळणार नाही" असं म्हणून परत करणाऱ्यांना मी हे ऐकवते.

आणि फाटक. मोकळं फिरायची सवय लागलेलं कुत्रं पहिल्या संधीला निसटतं. दार उघडताना आधी तो कुठं आहे ते बघायचं. हार्नेसवर फोन नंबरची पट्टी पहिल्याच दिवशी.

शेवंती

चार दिवसांनी लिहिते आहे, क्षमस्व.

डोळ्यात आधी हिरवा रंग घातला, त्यात बुबुळावरची जखम दिसली. फुटलेला नाही, पण खोल होती. उजव्या डोळ्याची परीक्षा केली, कागदाची बारीक पट्टी पापणीत एक मिनिट ठेवतात. १५ मिलिमीटरच्या वर ओली व्हायला हवी, ती ४ झाली. म्हणजे त्या डोळ्यात अश्रूच कमी आहेत. डाव्याचं मूळही तेच असावं. जखमेचे थेंब दर दोन तासांनी, आणि अश्रूंसाठीचे थेंब आता आयुष्यभर.

जटा काढायला गुंगी दिली. पाठीवरची एकच सलग निघाली, गोधडीसारखी. तिच्यात काटे, एक चुरगळलेला प्लास्टिकचा तुकडा आणि गोचिडी होत्या. मागच्या उजव्या पायाचं अंगठ्याचं नख गोल वळून कातडीत रुतलं होतं. आधीचं वजन ४.९ किलो, सगळं काढल्यावर ४.४. अर्धा किलो तो अंगावर वागवत होता. त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या आणि जटांमुळे तो आम्हाला गुटगुटीत वाटायचा.

मालक टेबलाशी उभे होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, पण ती गोधडी खाली ठेवली तेव्हा त्यांनी हात लावून बघितली. म्हणाले, "मला वाटायचं हे केसच आहेत." मग बाहेर जाऊन बसले. परतताना गाडीत त्यांनी सांगितलं की चिकू त्यांच्या बायकोचा होता, ती दीड वर्षापूर्वी गेली. तीच त्याला रोज विंचरायची. त्यांना त्याला हात लावला की ती आठवायची, म्हणून ते लावत नव्हते.

दर दोन तासांनी थेंब त्यांना नोकरीमुळे जमणार नाहीत, हे त्यांनीच म्हटलं. घाटवळण दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन ओळी लिहून घेतल्या. मागताना मला अवघड झालं होतं, पण त्यांनीच पेन मागितला. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्यानं विचारलं, रविवारी येऊ का? ये म्हटलं.

चिकू आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड झोपतो. पाऊलवाट, पलंगाखाली नाही! पण संध्याकाळी साडेसहाला उठून आमच्या फाटकाशी जाऊन बसतो, कानोसा घेत. त्या घरातून हाक यायची तीच वेळ.

काजवा

मी पहिल्या प्रतिसादात जे लिहिलं ते त्या माणसाबद्दल लिहायला नको होतं.

तांबडफुटी

शेवंती, तुम्ही रविवारी मुलाला येऊ देताय, हे वाचून खूप बरं वाटलं. त्याच्या हातात कंगवा द्या. केस बोटभर वाढले की त्यालाच विंचरायला शिकवा.

शेवंती

देईन, नक्की.

निळा_रुमाल, एक प्रश्न. दिवसा थेंब नीट जातात, पण रात्री दोनच्या आणि चारच्या वेळी तो मान फिरवतो, एकदा गुरगुरला सुद्धा. माझा हात समोरून येताना दिसला की मागे सरकतो. काय करू?

निळा_रुमाल

समोरून जाऊ नका. त्याला तुमच्याकडे पाठ करून दोन गुडघ्यांच्या मध्ये बसवा, हनुवटी डाव्या तळहातावर टेकवा, उजवा हात डोक्याच्या मागून आणा आणि वरची पापणी अंगठ्यानं किंचित वर ओढून थेंब सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. अचानक झोपेतून उठवू नका, आधी नावानं हाक मारा, तो डोकं उचलेल तेव्हा हात लावा. आणि दर वेळी थेंब झाल्यावर लगेच काहीतरी आवडीचं, अगदी नखाएवढं.

गुरगुरला म्हणून रागावू नका. दुखतंय एवढंच तो सांगतोय. परवा पुन्हा रंग घालून तपासायला नेणार असालच. जखम भरत असेल तर रात्रीचे थेंब कमी करता येतील, ते तिथले डॉक्टर सांगतील.

शेवंती

आत्ता दोनचे थेंब घातले, मागून. हलला नाही.